आजोबांचा सर्किट बोर्ड, माझा चुकीचा बोळा आणि होमी भाभा



होमी भाभा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? अणुभट्टी, ट्रॉम्बे, शाळेच्या पुस्तकातला कोट-टायमधला फोटो आणि हल्ली विमान अपघाताच्या रहस्याचे यूट्यूब व्हिडिओ. माझंही तसंच होतं. पण गेल्या पावसाळ्यात घाटकोपरच्या घरी मी एक जुना सर्किट बोर्ड साफ करायला घेतला आणि भाभांची वेगळीच ओळख झाली. आज त्यांचीच गोष्ट सांगतो. जाता जाता घरातला जुना बोर्ड कसा साफ करायचा आणि कुठे हात लावायचा नाही, हेही कळेल.

बोर्ड माझ्या आजोबांचा. आयटीआय करून ते १९६४ साली ट्रॉम्बेला इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्कशॉपमध्ये लागले. काम सोल्डरिंग आणि वायरिंगचं. घरी हौस म्हणून सत्तरच्या दशकात त्यांनी एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली तपकिरी शीट आणली, तिच्यावर आजीच्या नेलपॉलिशने रेषा काढल्या आणि शीट फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवली. नेलपॉलिशखालचं तांबं तेवढं राहिलं, बाकीचं विरघळलं. झाला सर्किट बोर्ड तयार! मग प्रत्येक भागाशेजारी निळ्या शाईने बारीक अक्षरात त्याचं नाव लिहिलं.

२६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमची खोली तळमजल्यावर होती, पाणी खाटेच्या वर गेलं. अ‍ॅम्प्लिफायर रात्रभर गढूळ पाण्यात होता. आजोबांनी तो वाळवला, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. नंतर दुरुस्त करीन म्हणाले, ते राहूनच गेलं. २०१९ साली ते वारले.

मागच्या वर्षी घर रंगवायला काढलं तेव्हा गाठोडं खाली आलं. आई म्हणाली, भंगारवाल्याला देऊन टाक. मामेभावाने लगेच एक रील पाठवली, जुन्या बोर्डातून अ‍ॅसिडने सोनं कसं काढायचं त्याची! मला मात्र तो चालू करून बघायचा होता. म्हणून मी हात धुवायचं सॅनिटायझर कापसाच्या बोळ्यावर घेतलं आणि बोर्डावर फिरवलं. चिखल निघाला, आणि त्याबरोबर आजोबांची निळी शाईही. एका कोपऱ्यातली चार-पाच अक्षरं गेली. मी तिथेच थांबलो.

त्यानंतर दोन महिने मी बोर्डाला हात लावला नाही, फक्त वाचत बसलो. आजोबा जिथे हे सगळं शिकले ती जागा उभी कशी राहिली, हे शोधता शोधता भाभांपर्यंत पोचलो.

मुंबईचा मुलगा

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर वकील. आत्या मेहरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांची पत्नी. त्यामुळे टाटांच्या घरी लहानपणापासून येणं-जाणं. शिक्षण आधी कॅथेड्रल शाळेत, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. चित्रकला आणि पाश्चात्त्य संगीत यांचीही गोडी लागली आणि ती शेवटपर्यंत टिकली.

१९२७ साली ते केंब्रिजला गेले, तेही मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला. घरच्यांचा बेत सरळ होता. मुलगा इंजिनिअर होऊन परत येईल आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागेल. पण तिथे गेल्यावर मुलाचं मन भौतिकशास्त्रात अडकलं. आजही घरोघरी होतं तेच झालं, वडील म्हणतात इंजिनिअरिंग आणि मुलगा म्हणतो दुसरंच! तोडगा असा निघाला की आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळवायचा, मग गणित शिकायचा खर्च वडील देतील. भाभांनी १९३० साली पहिला वर्ग मिळवला आणि वडिलांनीही शब्द पाळला.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी जगात नाव कमावलं. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या भाराचा जोडीदार पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे उडतात, याचं गणित त्यांनी मांडलं. त्याला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात. १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांचा अभ्यास मांडला. एकच जोरदार कण हवेत शिरला की त्यातून कणांचा पाऊस कसा पडतो, हे त्यातून समजलं.

हे सगळं कागद-पेन्सिलीचं काम झालं. पण असे कण मोजायचे तर यंत्र लागतं. गायगर काउंटर लागतो, आणि त्यातून येणारी बारीकशी विजेची टिचकी मोठी करून मोजणारं सर्किट लागतं. पुढे नेमकं इथेच त्यांचं घोडं अडलं.

सुट्टीवर आले आणि इथलेच झाले

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि युरोपात दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाता येईना. मग ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये लागले. तिथे सी. व्ही. रामन होते. भाभांनी कॉस्मिक किरणांवर काम करणारा विभाग उभा केला. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

केंब्रिजमध्ये असताना हवं ते यंत्र हाताशी होतं. इथे गायगर काउंटरपासून सगळं स्वतः जमवायचं. युद्धामुळे बाहेरून माल येणं कठीण. आपल्याला भाग मिळाला नाही तर ऑनलाइन मागवतो, दोन दिवसांत घरपोच! तेव्हा एक व्हॉल्व्ह मिळवायलाही महिनोन्‌महिने लागायचे. देशात विज्ञान करायचं तर उपकरणंही देशातच बनली पाहिजेत, हा धडा त्यांना इथे मिळाला असावा, असं मला वाटतं. कारण पुढची २५ वर्षं ते तेच करत राहिले.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढायचं सुचवलं. १९४५ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, बंगळुरूला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत आली. पहिली जागा कुठे? पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात, भाभांच्या आत्याच्या घरी! पुढे १९४९ साली संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली आणि १९६२ साली कुलाब्याला समुद्राकाठी स्वतःच्या इमारतीत.

या सगळ्यात एक छोटी इलेक्ट्रॉनिक्सची टोळी तयार होत होती. ए. एस. राव हे त्यातलं मोठं नाव. कण मोजायची यंत्रं हीच मंडळी बनवायची.

ट्रॉम्बेची अणुभट्टी आणि पाण्याची गोष्ट

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ साली ट्रॉम्बेला अणुऊर्जा केंद्राचं काम सुरू झालं. चेंबूरच्या पलीकडे, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी. तिथे अप्सरा नावाची अणुभट्टी बांधायचं १९५५ साली ठरलं आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती सुरू झाली. जेमतेम दीड वर्ष! सोव्हिएत युनियन सोडलं तर आशियातली ही पहिली अणुभट्टी. इंधन ब्रिटनमधून आलं. पण भट्टी चालवायची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपल्या लोकांनी बनवली होती, रावांच्या गटाने.

अप्सरा ही तलावातली भट्टी. म्हणजे इंधनाच्या कांड्या खोल पाण्यात बुडवलेल्या. पाणी त्यांना थंड ठेवतं आणि किरणोत्सारही अडवतं. पण ते पाणी नळाचं चालत नाही. नळाच्या पाण्यात क्षार असतात. क्षारांमुळे धातू गंजतो आणि किरणांच्या माऱ्यात ते क्षार स्वतःही किरणोत्सारी होऊ शकतात. म्हणून पाण्यातले क्षार काढून टाकायचे आणि ते सतत शुद्ध ठेवायचं.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. आमच्या बोर्डाचं वाटोळं पाण्याने नव्हतं केलं, पाण्यातल्या क्षारांनी केलं होतं! पुराचं पाणी सुकलं, पण मीठ आणि घाण ट्रॅकवर बसून राहिली. मुंबईची हवा दमट. ते मीठ दर पावसाळ्यात ओल धरायचं आणि तांबं थोडं थोडं खायचं. ट्रॅकवर हिरवा थर दिसतो ना, तो हाच.

तुमचा फोन पाण्यात पडला की कोणीतरी सांगतं, तांदळाच्या डब्यात ठेव. आता विचार करा, तांदूळ आतले क्षार कसे काढणार? फार तर बाहेरची थोडी ओल घेईल. क्षार आतच राहणार आणि महिनाभराने फोन अचानक बंद पडणार. पाण्यात पडलेला फोन लगेच बंद करायचा, चार्जिंगला लावायचा नाही आणि दुकानात उघडून आतून साफ करून घ्यायचा, यामागचं कारण हेच.

खोलीभर मोठा कॉम्प्युटर

१९५४ च्या शेवटी टीआयएफआरमध्ये एक वेडं वाटणारं काम सुरू झालं. आपला कॉम्प्युटर आपणच बनवायचा! आर. नरसिंहन यांच्या हाताखाली जी तरुण मंडळी होती, त्यांच्यातल्या बहुतेकांनी कॉम्प्युटर कधी वापरलाही नव्हता. १९५६ साली छोटं नमुना यंत्र चाललं आणि १९६० च्या सुमारास मोठं यंत्र कामाला लागलं. त्याच्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. मेमरी २,०४८ शब्दांची, एक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर साधारण १० किलोबाइट. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा सकाळचा गुड मॉर्निंगचा फोटोही यात मावणार नाही! जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी या यंत्राला टिफ्रॅक हे नाव दिलं.

आता डोळ्यासमोर आणा, साडेबारा हजार रेझिस्टर, प्रत्येकाला दोन पाय आणि प्रत्येक पाय हाताने सोल्डर केलेला. एक सांधा कच्चा राहिला तर यंत्र चुकीचं उत्तर देणार आणि चूक शोधायला दिवस जाणार. आजोबा टिफ्रॅकवर नव्हते, पण ज्या पद्धतीत ते तयार झाले ती याच घराण्यातली. सोल्डरिंग झालं की उरलेली राळ पुसल्याशिवाय बोर्ड पुढे द्यायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय. घरच्या रेडिओचा सांधा जोडला तरी आधी ब्रश शोधायचे. आम्हाला तो म्हातारपणाचा चोखंदळपणा वाटायचा.

तांब्याच्या छापील रेषांच्या बोर्डाची कल्पनाही तेव्हा जुनी नव्हती. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आयस्लर या इंजिनिअरने १९३६ च्या सुमारास असा पहिला रेडिओ बनवला. दुसऱ्या महायुद्धात ही युक्ती कामाला आली आणि नंतर सगळीकडे पसरली. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तीच कल्पना आहे, फक्त अनेक थरांची आणि केसापेक्षा बारीक रेषांची.

भाभांचं शेवटचं मोठं काम

१९६२ च्या चीन युद्धानंतर सगळ्यांच्याच लक्षात आलं की वायरलेसपासून रडारपर्यंत आपण बाहेरच्यांवर किती अवलंबून आहोत. ऑगस्ट १९६३ मध्ये सरकारने इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. अध्यक्ष होमी भाभा. सोबत विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि आपले ए. एस. राव. देशाला पुढच्या दहा वर्षांत किती आणि कोणती इलेक्ट्रॉनिक्स लागतील आणि ती इथेच कशी बनवायची, याचा आराखडा त्यांनी करायचा होता. नुसते रेडिओ-टीव्ही जोडायचे असं नव्हे, तर आतले ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, रेझिस्टरही इथेच करायचे.

अणुशास्त्रज्ञाला हे काम कशाला दिलं? कारण रेझिस्टरपासून अणुभट्टीच्या कंट्रोल रूमपर्यंत सगळं करून बघितलेला माणूस देशात दुसरा नव्हता.

समितीचा अहवाल १९६६ साली आला. तेव्हा भाभा नव्हते.

२४ जानेवारी १९६६. भाभा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचं कांचनगंगा हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरायच्या आधी आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभांचं वय अवघं ५६. त्यांनी लग्न केलं नव्हतं.

यावर घातपाताच्या गोष्टी भरपूर फिरतात. फ्रेंच चौकशीतून जे पुढे आलं ते साधं आहे आणि म्हणून जास्त चटका लावणारं आहे. विमानातलं दिशा सांगणारं एक रेडिओ उपकरण बंद होतं. जमिनीवरच्या रडार नियंत्रकाने विमानाची जागा कळवली, पण वैमानिकाचा समज झाला की आपण पर्वत ओलांडला आहे. त्याने उंची कमी केली. आयुष्यभर उपकरणं चोख असावीत म्हणून झटलेला माणूस एका बंद उपकरणामुळे आणि एका गैरसमजामुळे गेला.

आजोबा तेव्हा तेवीस वर्षांचे. नोकरीला दोन वर्षं झालेली. साहेबांना त्यांनी लांबून दोनदाच पाहिलं होतं. पण दर २४ जानेवारीला ते सकाळी देवासमोर दिवा लावताना दोन मिनिटं जास्त उभे राहायचे. का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

१९६७ च्या जानेवारीत ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचं नाव मिळालं, तेच आजचं बीएआरसी. त्याच वर्षी तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली. मतदानाच्या ईव्हीएम बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक तीच. १९७० साली केंद्रात इलेक्ट्रॉनिक्सचं वेगळं खातं आलं. १९७३ साली आपल्या अंधेरीत निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक्स बनवणारं क्षेत्र उभं राहिलं. मेट्रो ३ च्या ज्या सीप्झ स्टेशनवर तुम्ही उतरता, त्या सीप्झमधला ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स! दहा वर्षांत स्वयंपूर्ण व्हायचं स्वप्न काही पुरं झालं नाही. आजही आपल्या फोनमधल्या बहुतेक चिप बाहेरूनच येतात. पण आजोबांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधले ट्रान्झिस्टर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे आहेत. एवढं तरी झालं.

आता बोर्ड कसा साफ केला?

हे सगळं वाचून झाल्यावर मी पुन्हा बसलो. या वेळी घाई नाही. पायरी-पायरीने सांगतो.

१. आधी बोर्ड ओळखा. आजोबांचा अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टवर चालणारा, म्हणून मी हात घातला. टीव्ही, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर हे घरी उघडू नका. त्यांच्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब राहू शकतो, मायक्रोवेव्हमध्ये तर हजारांत. जुन्या डबड्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचंही तेच. हे काम जाणकाराचं.

२. वीज आणि बॅटरी काढा. फुगलेली मोबाइल बॅटरी दिसली तर टोचू नका, दाबू नका, सरळ सेवा केंद्रात द्या.

३. फोटो काढा. दोन्ही बाजूंचे, भरपूर उजेडात, जवळून. मागून मोबाइलचा टॉर्च लावला तर पातळ तपकिरी बोर्डातून ट्रॅकची सावली दिसते. शाईची अक्षरं, भागांचे रंगीत पट्टे सगळं फोटोत आलं पाहिजे. मी हे आधी केलं असतं तर आजोबांची चार-पाच अक्षरं वाचली असती.

४. कोरडी धूळ मऊ ब्रशने हळू झाडा, खिडकीजवळ, मास्क लावून. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते आणि धूळ डोळ्यांत जाते.

५. द्रव कोणता? आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानात त्याला आयपीए म्हणतात, ९९ टक्क्यांचं. मी घाटकोपरहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरून घेतलं. त्यात पाणी जवळपास नसतं, म्हणून ते लवकर उडून जातं. सॅनिटायझरमध्ये पाणी, ग्लिसरीन, सुगंध असं बरंच काही असतं आणि ते बोर्डावरच राहतं. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन तर अजिबात नको, प्लास्टिक विरघळतं आणि आगीची भीती वेगळी.

६. आयपीएसुद्धा झटकन पेट घेतं. गॅस, उदबत्ती, देवाचा दिवा, सिगारेट काहीही जवळ नको. खिडक्या उघड्या, नायट्राइलचे हातमोजे घातलेले, लहान मुलं लांब. बाटलीतून ओतायचं नाही, झाकणात थोडं घ्यायचं.

७. आधी कोपऱ्यात एका ठिपक्यावर करून बघा. शाई किंवा रंग सुटतोय का? सुटत असेल तर ती बाजू सोडा. मी अक्षरांची बाजू फक्त कोरड्या ब्रशने झाडली आणि आयपीए खालच्या ट्रॅकच्या बाजूलाच वापरलं, कापूस गुंडाळलेल्या काडीने, थोडं थोडं.

८. पुराचा चिखल आणि मीठ आयपीएने पुरतं निघत नाही. मीठ पाण्यातच विरघळतं. म्हणून ट्रॅकच्या बाजूला डिस्टिल्ड वॉटर लावलेला मऊ टूथब्रश फिरवला, पाणी टिपून घेतलं आणि शेवटी आयपीए. अप्सरेचा धडा इथे कामी आला, नळाचं पाणी नाही!

९. अल्कलाइन सेल गळून पांढरी पावडर जमली असेल तर हे करा. काडीच्या टोकावर थोडं व्हिनेगर घेऊन ती पुसा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयपीए. हातमोजे आणि चष्मा हवाच.

१०. किमान २४ तास पंख्याखाली वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस. गरम हेअर ड्रायर नको.

११. हात साबणाने धुवा. जुन्या सोल्डरमध्ये साधारण ६० टक्के कथिल आणि ४० टक्के शिसं असतं. शिसं पोटात गेलं तर वाईट, लहान मुलांना जास्तच. स्वयंपाकघराचा ओटा, ताटल्या, वाट्या या कामाला वापरू नका. वापरलेला कापूस पूर्ण वाळल्यावर वेगळ्या पिशवीत बांधा.

आणि ती सोन्याची रील? तिच्यात नायट्रिक अ‍ॅसिड वापरतात. त्यातून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसं जाळतो आणि त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो. एका बोर्डात सोनं नावापुरतं. आमच्या बोर्डात तर तेही नव्हतं, नुसतं तांबं आणि कथिल! मामेभावाला हे समजावून सांगितलं, त्याने रील पुढे पाठवणं थांबवलं. बोर्ड खरंच निकामी असेल तर नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राला द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. भंगारात गेलेल्या वायरी कुठेतरी जाळल्या जातात आणि तो धूर कोणाच्या तरी पोरांच्या नाकात जातो.

मग चालला का?

सगळं पुसून झाल्यावर ट्रॅक स्वच्छ दिसले. तेव्हा एक गोष्ट कळली. एका ठिकाणी ट्रॅक मुळातच चुकीचा काढलेला होता. आजोबांनी तो ब्लेडने कापून वरून तारेचा तुकडा जोडला होता. इतकी वर्षं मला वाटायचं, आजोबांच्या हातून चूक होतच नसे.

दोन कपॅसिटर फुगले होते. आमच्या गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो, त्यांनी ते बदलून दिले आणि १२ व्होल्टचा सप्लाय लावायच्या आधी सगळे सांधे तपासले. फोनवरून गाणं लावलं. आधी घरघर, मग खरखर आणि मग बारीकसा आवाज आला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. काही बोलली नाही, खुर्ची ओढून बसली.

गेलेली अक्षरं मी फोनच्या नोंदीत लिहून ठेवली आहेत. बोर्डावर माझ्या अक्षरात लिहायची इच्छा झाली नाही.

भाभांनी आजोबांच्या हातात काही थेट दिलं नव्हतं. पण उपकरण उघडायला घाबरू नये, समजून घेतल्याशिवाय हात लावू नये आणि काम झालं की पुसून ठेवावं, ही शिस्त ज्या वर्कशॉपमध्ये आजोबांना लागली, ते वर्कशॉप भाभांच्या हट्टामुळे ट्रॉम्बेला उभं होतं. तुमच्याही घरात माळ्यावर एखादा जुना रेडिओ, टेप किंवा कॅल्क्युलेटर असेल. भंगारात द्यायच्या आधी एकदा खाली काढा, आणि हात लावायच्या आधी फोटो काढा. ती चूक मी केली आहे, तुम्ही करू नका.